मोसंबीवरील पतंग आणि बांधावरची गुळवेल : एका आंबे बहाराच्या प्रकल्प नोंदी

१८ डिसेंबर २०२३

जामनेर तालुक्याच्या दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग जिथे उतरते, तिथल्या आमच्या अडीच एकर मोसंबी बागेचे पाणी आंबे बहाराच्या (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याच्या) ताणासाठी आजपासून तोडले; पाणी तोडून ताण दिला की झाड फुलोऱ्यावर येते. बागेत न्यूसेलर जातीची, रंगपूर लिंबाच्या खुंटावरील २७५ झाडे असून त्यांचे वय १२ वर्षे आहे. मागील हंगामात तोडणीआधीच्या दोन महिन्यांत इतकी फळे गळाली की, उक्त्या सौद्याने बाग घेतलेल्या व्यापाऱ्याने ठरलेला भाव निम्म्यावर आणला. ही गळ बुरशीची, माशीची की पतंगाची, हे गावात कोणालाही ठामपणे सांगता आले नाही. तरीही प्रत्येकाने सहा-सात फवारण्या केल्याच होत्या. गटातील नऊ बागायतदारांनी यंदा असे ठरवले की, फवारणीचा निर्णय दुकानदाराच्या सांगण्यावरून न घेता बागेतील मोजणीवरून घ्यायचा. नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

बागेतील २० झाडांच्या खोडांवर लाल रंगाचा पट्टा ओढला. दर आठ दिवसांनी याच झाडांच्या चारही दिशांची एकेक फांदी तपासायची आहे.

२७ डिसेंबर २०२३

वाळलेल्या फांद्या छाटताना ३१ झाडांवर साल खाणाऱ्या अळीची जाळी आढळली. फांदीच्या बेचक्यात भुसा, विष्ठा आणि रेशमी धागा यांचा तांबूस-काळसर पट्टा दिसतो. दिवसा अळी खोडातल्या छिद्रात बसते आणि रात्री बाहेर येऊन या पट्ट्याच्या आडोशाने साल खाते. सालदार आप्पांनी सायकलच्या चाकाची तार छिद्रात घालून ज्या अळ्या हाती लागल्या त्या मारल्या. उरलेल्या छिद्रांत पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घालून तोंड चिखलाने लिंपले. पूर्वी या कामासाठी डायक्लोरव्हॉस वापरत असत. आता त्यावर बंदी आहे, आणि रॉकेलही सहजी मिळत नाही.

आप्पांनी काम संपल्यावर विचारले, "बांधावरच्या बोरींचं काय? त्यांच्यावरही हीच जाळी आहे." पाहणी केली तेव्हा सात बोरींपैकी पाच आणि शेवग्याचे एक झाड अळीने धरलेले निघाले. गेली कित्येक वर्षे आम्ही मोसंबीची खोडे साफ करत होतो आणि शेजारची बोर तशीच सोडत होतो. बोरींचेही बोळे आज भरले.

१४ फेब्रुवारी २०२४

जानेवारीच्या अखेरीस ताण तोडून पाणी दिले होते. नवती, म्हणजे कोवळी पालवी, आणि कळ्या एकाच वेळी फुटत आहेत. खुणेच्या २० झाडांपैकी सहा झाडांच्या कोवळ्या शेंड्यांवर सायलाची पिल्ले आढळली. ती पिवळसर, चपटी असतात आणि त्यांच्या मागे मेणासारखे पांढरे धागे लोंबतात, त्यामुळे भिंग नसले तरी ओळखता येतात. सायला रस शोषते, शिवाय ग्रीनिंग या मोसंबी-लिंबाच्या झाडांना लागणाऱ्या रोगाचा प्रसारही करते. तिची अंडी केवळ कोवळ्या फुटीवरच घातली जात असल्याने नवतीचे हे दोन-तीन आठवडेच तिच्या बंदोबस्ताची खरी वेळ असते. पाने जून झाल्यावर फवारणी करून फारसे काही साधत नाही.

घरामागच्या कढीपत्त्यावरही सायला होतीच. हे झुडूपही लिंबाच्याच कुळातले असल्याने ती त्यावर सुखाने वाढते. झुडूप काढून टाकण्याचा माझा प्रस्ताव आईने एका वाक्यात फेटाळला. तडजोड म्हणून सर्व कोवळे शेंडे छाटून स्वयंपाकघरात गेले.

कळ्या उमलण्यापूर्वी निंबोळी अर्काची एक फवारणी घेतली. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवली, सकाळी फडक्यातून गाळली आणि २०० ग्रॅम साबणाचे पाणी मिसळून १०० लिटर द्रावण केले. फुले उमलल्यानंतर काहीही फवारायचे नाही, कारण बागेत मधमाश्या येऊ लागल्या आहेत.

३ मार्च २०२४

फळधारणा चांगली आहे. सायला दोनच झाडांवर उरली असून त्या दोन्ही झाडांवर ढालकिडे आणि क्रायसोपा या मित्रकीटकाची अंडी दिसतात. फवारणी केली नाही.

१० मे २०२४

आखाजीमुळे (अक्षय्य तृतीयेमुळे) मजूर नाहीत. पारा चाळिशीच्या बराच पुढे गेला आहे. ठिबक आणि आच्छादन यांखेरीज नोंदवण्यासारखे काही नाही.

१९ जून २०२४

पहिल्या पावसाआधी खोडांना तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावली : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ती डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी आहे, किडीसाठी नाही; परंतु पेस्ट लावताना प्रत्येक खोड हाताखालून जाते आणि साल खाणाऱ्या अळीची नवी जाळीही लगेच दिसते. या वेळी चारच झाडांवर सापडली. पुढील वर्षासाठी निंबोळ्या वेचून सावलीत वाळत घातल्या.

१४ जुलै २०२४

आजची नोंद काहीशी लांबणार आहे.

कृषी विज्ञान केंद्रातील कीटकशास्त्राच्या विषयतज्ज्ञांना मागील वर्षीच्या गळीची छायाचित्रे दाखवली होती. फळावर टाचणीने टोचल्यासारखे एक छिद्र, त्याभोवती मऊ पडलेला तपकिरी डाग, आणि फळ दाबताच छिद्रातून उडणारी रसाची चिळकांडी, हे पाहून त्यांनी रस शोषणाऱ्या पतंगाचे नाव घेतले आणि आम्हाला एक अनपेक्षित प्रश्न विचारला : "तुमच्या बांधावर गुळवेल आहे का?"

बहुतेक पतंगांच्या बाबतीत नुकसान अळी करते. या पतंगाचे उलटे आहे. त्याची अळी मोसंबीला तोंड लावत नाही. ती गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींच्या पानांवर वाढते. प्रौढ पतंगाची सोंड मात्र इतर पतंग-फुलपाखरांसारखी मऊ नसून टणक आणि दातेरी असते. ती तो पक्व होत आलेल्या फळात खुपसतो, रस पितो आणि पहाट होण्याआधी निघून जातो. त्या छिद्रातून बुरशी व जिवाणू आत शिरतात आणि फळ काही दिवसांत गळते. थोडक्यात, जो पतंग आमच्या बागेत जन्मत नाही, अंडी घालत नाही आणि दिवसा बागेत थांबतही नाही, त्याच्यासाठी आम्ही दिवसाउजेडी झाडांवर औषध फवारत होतो.

परत आल्यावर विहिरीजवळच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल पाहिली. ही वेल आबांनी २०२० मध्ये, करोनाच्या काळात, काढ्यासाठी लावली होती आणि आता तिने निंबाचा अर्धा घेर व्यापला आहे. पानांच्या खालच्या बाजूस तीन अळ्या मिळाल्या. मखमली काळपट अंग, कुशीवर डोळ्यांसारखे दोन ठिपके, आणि स्पर्श होताच पाठीची कमान करून बसण्याची ढब. त्यांतील दोन अळ्या भोके पाडलेल्या बरणीत गुळवेलीच्या पाल्यावर ठेवल्या आहेत. नेमका कोणता पतंग निघतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय वेलीवर आरोप ठेवणे योग्य नाही.

वेल तोडण्याचा विषय काढताच आबा म्हणाले, "ज्या वेलीनं घर सांभाळलं, तिच्यावर कुऱ्हाड चालवायची असेल तर आधी मला विचारायचं." मी विचारतच होतो, पण उत्तर मिळाले होते.

२८ जुलै २०२४

गटातील चौघांनी मिळून नऊ बागांचे बांध पायी फिरून पाहिले. गुळवेल १४ ठिकाणी आणि वासनवेल त्याहून जास्त ठिकाणी आढळली. बहुतेक निवडुंगाच्या आणि बाभळीच्या कुंपणात. डोंगराच्या उतारावर तर दोन्ही वेली मुबलक आहेत, आणि तो उतार वनखात्याचा आहे. तेथील वेली तोडण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि असता तरी ते काम संपण्यासारखे नाही. त्यामुळे 'वेलींचे समूळ उच्चाटन' हा छापील सल्ला आमच्या भूगोलात बसत नाही, असे माझे मत झाले आहे.

त्याऐवजी असे ठरले : बांधावरील वासनवेल काढायची, कारण ती कोणालाही नको आहे, गुळवेल मात्र मोजक्या पाच ठिकाणी राखायची आणि दर चार दिवसांनी तिची पाने उलटून अळ्या वेचायच्या. राखलेली वेल एका अर्थी सापळा पीकच होईल. आबांची वेल त्या पाचांत पहिली आहे आणि तिच्या तपासणीचे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले.

८ ऑगस्ट २०२४

बरणीतील एका अळीने पानांची गुंडाळी करून कोष केला होता. त्यातून काल रात्री पतंग बाहेर आला. पुढचे पंख वाळक्या पानासारखे तपकिरी, मागचे गडद नारिंगी आणि त्यांवर काळी खूण. पंख मिटून बसला तर पाचोळ्यात डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. दुसरी अळी मेली.

११ ऑगस्ट २०२४

आज कानबाईचे रोट, हा खानदेशातला श्रावणातील सण, असल्याने गाव घरी आहे. तरीही आबांनी सकाळी नऊ अळ्या वेचल्या, आणि तो आकडा वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

२४ ऑगस्ट २०२४

रात्रीची पहिली फेरी. साडेसात ते साडेदहा या वेळेत आप्पा आणि मी विजेऱ्या घेऊन दहा ओळी फिरलो. पहिला अर्धा तास काहीही दिसले नाही. मग आप्पांनी विजेरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरली आणि फांद्यांत निखाऱ्यासारखे दोन ठिपके चमकले : पतंगाचे डोळे. ही युक्ती त्यांना रानडुकरांच्या राखणीतून ठाऊक होती. त्यानंतर एकूण १७ पतंग दिसले. त्यांतील १३ डोंगराकडील पहिल्या तीन ओळींत होते, आणि त्यांपैकी बहुतेक रंग पालटू लागलेल्या फळांवर बसलेले होते. सोंड फळात रुतलेली असताना पतंग सहसा उडत नाही. हातजाळीने आठ पकडता आले.

शेतीच्या विजेची पाळी या आठवड्यात रात्रीची आहे, त्यामुळे आजूबाजूलाही माणसे जागी होती. दोघे शेजारी कुतूहलाने आले आणि आपापल्या बागेत फेरी मारून गेले. पाणी देण्यासाठी रात्री बागेत आम्ही सर्वच जात होतो; फळाकडे मात्र विजेरी कोणी वळवली नव्हती.

२७ ऑगस्ट २०२४

सकाळी खुणेच्या झाडांखाली ४६ फळे पडलेली होती. मला राहवले नाही आणि संध्याकाळी एका सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशकाची फवारणी केली. ठरलेल्या नियमाला ही बगल आहे, म्हणून ती येथे नोंदवून ठेवतो.

२ सप्टेंबर २०२४

पोळा. बैल धुऊन, सजवून झाल्यावर रात्री फेरी मारली : १९ पतंग. फवारणीचा उपयोग झाला नाही, हे सांगण्यासाठी याहून वेगळा पुरावा नको. रात्री नवा पतंग डोंगरातून येतो. कालच्या औषधाशी त्याचा संबंध येण्याआधीच त्याचे जेवण उरकलेले असते.

५ सप्टेंबर २०२४

आजपासून गळलेली फळे रोज सकाळी वेचून, दाबून आणि कापून तीन ढिगांत वेगळी करत आहोत. चिळकांडी उडणारे एकच छिद्र असेल तर पतंग. गरात पांढऱ्या, पाय नसलेल्या अळ्या असतील तर फळमाशी. छिद्र नाही आणि देठाजवळ काळा, घट्ट डाग असेल तर देठाकडून येणारी बुरशीची सड. पहिल्या दिवशी ६८ फळांत पतंगाची ३९, बुरशीची १८ आणि माशीची ६ निघाली. पाच फळांचे कारण ठरवता आले नाही, आणि ती ओढूनताणून कोणत्याही ढिगात घातली नाहीत.

येथे एक घोटाळा होण्याचा संभव असतो. पतंगाने टोचलेले फळ कुजू लागले की चिलटांसारख्या बारीक माश्या त्यात अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्या पाहून 'फळमाशी वाढली' अशी ओरड होते. खऱ्या फळमाशीची पूर्ण वाढलेली अळी मोठी असते आणि तळहातावर ठेवल्यास अंगाची कमान करून टणकन उडी मारते. माझ्या पुतण्याला हा प्रयोग इतका आवडला की शाळेला जाण्याआधी तो ढिगाशी हजर असतो.

वेचलेली फळे बांधावर न टाकता तीन फूट खोल खड्ड्यात टाकून वर मातीचा थर देत आहोत. कुजक्या फळांचा आंबूस वास पतंगाला लांबून ओढतो, आणि फळमाशीची अळी तर याच फळांतून जमिनीत उतरून कोषात जाते. एवढी वर्षे ती फळे आम्ही डोंगराकडच्या बांधावर टाकत आलो होतो, म्हणजे पतंगाच्या वाटेवरच.

१२ सप्टेंबर २०२४

२७ ऑगस्टच्या फवारणीचा हिशेब आता पूर्ण झाला. फवारलेल्या भागातील फळांवर तांबूस-करडी झाक आली आहे. भिंगाखाली कोळी (जाळे विणणारे नव्हेत, तर पिकाचा रस शोषणारे सूक्ष्म जीव) दिसले. बागायतदार ज्याला लाल्या म्हणतात, तो हाच. पायरेथ्रॉइडने कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मारले आणि कोळी मात्र टिकले. शेवटच्या दोन ओळी पाणी संपल्याने फवारायच्या राहिल्या होत्या. तेथे ही झाक नाही. कोळ्यांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाची एक फवारणी घ्यावी लागली. एका चुकीच्या फवारणीपोटी दुसरी फवारणी करावी लागली आणि फळाचा दर्जा गेला तो वेगळाच.

१५ सप्टेंबर २०२४

पतंगासाठी विषारी आमिष तयार केले : दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ, गळालेल्या फळांचा अर्धा लिटर रस आणि २० मिली मॅलाथिऑन. रुंद तोंडाच्या बरण्यांत भरून २५ ते ३० झाडांमागे दोन बरण्या टांगल्या. बरण्या डोंगराकडील ओळींत जास्त ठेवल्या. गुरे व मुले यांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर त्या बांधल्या असून प्रत्येकीवर लाल चिंधी आहे.

फळमाशीसाठी मिथिल युजेनॉलचे दहा सापळे लावले. या सापळ्यात केवळ नर येतात. त्यामुळे सापळा भरलेला पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही. फळ टोचणारी मादी बाहेरच असते. सापळ्याचा खरा उपयोग माशी कधी वाढते आहे ते कळण्यासाठी, आणि बराच काळ व बऱ्याच क्षेत्रावर लावल्यास नरांची संख्या घटवून माद्यांचे मीलन रोखण्यासाठी होतो.

२२ सप्टेंबर २०२४

संध्याकाळी सात ते अकरा धूर करण्यास सुरुवात केली. गोवऱ्यांवर कडुनिंबाचा ओला पाला टाकला की आग न भडकता दाट धूर निघतो. डोंगराकडच्या बांधावर २० पावलांच्या अंतराने शेगड्या मांडल्या. धूर आमच्या बागेत व्यवस्थित पसरला त्या चार रात्रींत पतंग पाच, चार, सात आणि तीन दिसले. वारा फिरला त्या रात्री १६. धुराने पतंग मरत नाही, त्याला फळाचा वास लागत नाही इतकेच. म्हणजे तो दुसऱ्याच्या बागेत जातो. ही शंका शेजारच्या नानांनी स्पष्ट शब्दांत बोलून दाखवली : "तुमचा धूर म्हणजे माझ्या बागेला आवतण." नाना गटात नाहीत, आणि त्यांचे म्हणणे चुकीचेही नाही.

२९ सप्टेंबर २०२४

नानांच्या बागेच्या बांधावर आमच्या खर्चाने चार शेगड्या आणि सहा बरण्या लावल्या. नाना त्यांच्याकडच्या गोवऱ्या देणार आहेत. रात्रीच्या फेरीची पाळी आता अकरा घरांत वाटली गेली असून, ज्याची पाळी असेल त्याने सर्व बागांच्या डोंगराकडील कडेने फिरायचे आहे. प्रकाश सापळाही एक आठवडा लावून पाहिला. त्यात भुंगेरे आणि बारीक पतंग ढिगाने आले, हा मोठा पतंग मात्र दोनच. सापळा काढून ठेवला. फळांना पिशव्या बांधण्याचा विचार हिशेबातच मागे पडला : डाळिंबाला ते परवडते, २७५ झाडांच्या मोसंबीला मजुरी परवडत नाही.

१३ ऑक्टोबर २०२४

खुणेच्या २० झाडांखालील पतंगाची फळे : सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात २३१, या आठवड्यात ७४. याचे श्रेय कशाला द्यावे, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. धूर, आमिष, वेचणी आणि हातजाळी एकाच वेळी चालू होती. मात्र वेचणी ज्या दोन बागांत अनियमित राहिली, तेथे आमिष आणि धूर असूनही गळ फारशी घटलेली नाही. मला एकच उपाय निवडण्यास सांगितले तर मी खड्डा निवडेन. बुरशीची गळ मात्र जवळपास तेवढीच आहे. पतंगाच्या नादात तिच्याकडे आमचे दुर्लक्ष झाले.

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपल्यावर तोडणी सुरू झाली. यंदा उक्ता सौदा न करता वजनावर माल दिला. व्यापाऱ्याने पहिल्या गाडीतील फळे दाबून पाहिली, दोन क्रेट बाजूला काढायला लावले आणि उरलेल्या मालाला ठरलेला भाव दिला. बाजूला काढलेल्या फळांत बहुतेक लाल्याची होती, म्हणजे माझ्या २७ ऑगस्टच्या संध्याकाळची.

२३ नोव्हेंबर २०२४

गटाच्या बैठकीत पुढील बहारासाठी चार बदल ठरले. फळे वेचून खड्ड्यात टाकण्याचे काम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून, म्हणजे गळ सुरू होण्याआधीच लावायचे. देठाची सड रोखण्यासाठी वाळलेल्या फांद्यांची छाटणी तोडणी संपताच उरकायची. पायरेथ्रॉइड बागेत आणायचे नाही. डोंगराच्या पायथ्याच्या आणखी सहा बागायतदारांना रात्रीच्या पाळीत घ्यायचे. त्यांना बोलावण्याचे काम नानांनी अंगावर घेतले आहे.

विहिरीजवळच्या गुळवेलीची पाने पिवळी पडू लागली आहेत. जुलै ते ऑक्टोबर या काळात तिच्यावरून आबांनी वेचलेल्या अळ्यांची बेरीज ११८ होते. आज त्यांनी पाने उलटून पाहिली, एकही अळी नव्हती. पुढील तपासणी जूनमधील पहिल्या पावसानंतर दहाव्या दिवशी.